हनुवटीवरचा हात

माझे वीस ते पस्तीस या वयातले जवळजवळ सगळे फोटो एकसारखे आहेत. डी.एड.च्या निरोप समारंभातला, चुलत बहिणीच्या हळदीतला, शाळेच्या स्नेहसंमेलनातला, अगदी माझ्या लेकाच्या बारशातलासुद्धा. प्रत्येकात डावा हात मुडपून हनुवटीखाली घेतलेला. बघणाऱ्याला वाटावं, बाई कसल्या तरी विचारात गढल्या आहेत. विचार कसलाच नव्हता. हात होता तिथं केस होते, आणि ते कॅमेऱ्यात येऊ नयेत एवढंच मला हवं होतं.

लव सगळ्याच बायकांच्या चेहऱ्यावर असते, तिच्याबद्दल मी बोलत नाही. माझे केस राठ, काळेभोर, टोकाशी वळून पुन्हा कातडीत शिरणारे होते. हनुवटीवर, जबड्याच्या कडेनं आणि खाली गळ्यावर. आज उपटले तरी दोन दिवसांत शेजारचे वर यायचे. आमच्याकडे कपाशी संपली की पऱ्हाट्या कापतात, मग रानात टोकदार खुंट उरतात आणि अनवाणी चाललं की तळपायात घुसतात. बोटाला नेमके तसे लागायचे. फळ्यावर लिहिता लिहिता माझा अंगठा नकळत तिथं जायचा आणि एकच खुंट पुन्हा पुन्हा चाचपत राहायचा. मुलं गणित उतरवून घेत असायची आणि माझं सगळं लक्ष त्या एका खुंटावर.

शाळा सकाळची. मी पावणेपाचला उठायचे. न्हाणीघरातल्या पिवळ्या बल्बच्या उजेडात काही दिसत नाही, म्हणून तिथं मुद्दाम ट्यूबलाइट लावून घेतली होती. मान मागे टाकायची, डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणायची, उजव्या हातात चिमटा. आधी हनुवटी, मग जबडा, गळा शेवटी, कारण गळ्यावरचे केस आडवे वाढतात आणि चिमट्यातून निसटतात. मध्येच एखादं रक्ताचं टिपूस. वरून तुरटी. लाल झालेलं सगळं सहा वाजेपर्यंत निवायला हवं, म्हणून पावणेपाच. घरच्यांना वाटायचं, बाईंना पहाटे उठायची शिस्त आहे. नवऱ्याला खरं काय ते माहीत असणार. आम्ही त्यावर कधी बोललो नाही, आणि त्यानं कधी दार वाजवलं नाही.

लपवायला मला आईनंच शिकवलं. मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमच्याकडची देवी, बसते. खानदेशातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते. रोटांचं दळण, गंगाफळाची भाजी, खीर, पुरणपोळ्या, आणि रात्रभर बायकांचं जागरण. त्या वर्षी कानबाई आमच्या घरी होती. देवीचा नारळ सजवून झाला होता, नथ घातली होती, आणि तिच्यासाठी चौरंगाशेजारी जास्तीचा मोठा दिवा लावलेला होता. मी ताट घेऊन त्या दिव्याजवळ गेले. काकूनं माझी हनुवटी दोन बोटांत धरून वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हाई काय व माय? तुले ते दाढी येई राहिनी!"

बायका हसल्या. त्या हसण्यात दुष्टावा होता असं मला आजही वाटत नाही. काकूचा तर माझ्यावर जीव होता. पण माझ्या हातातलं ताट कलंडलं, आणि त्या रात्री मी चुलीच्या खोलीत अंधारात बसून राहिले. आई आली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कसाले रडस? उजेडमा बसू नको, एवढंच." तिच्या दृष्टीनं तो उपाय होता. पुढची वीस वर्षं मी तो पाळला. वर्गात खिडकीपासून लांबचा बाक, एसटीत खिडकी सोडून कडेची सीट, लग्नघरात मांडवाच्या खांबाआड.

पाळी तेव्हापासूनच बेभरवशाची. कधी दोन महिन्यांनी, कधी चारांनी. एका डॉक्टरांनी, त्यांचं नाव घेत नाही, "लग्न झालं की सगळं सुरळीत होईल" असं सांगून रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. केसांबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाळीबद्दल आईसोबत जाऊन बोलता येतं, दाढीबद्दल कसं बोलणार?

खरं उत्तर मिळालं ते थेट लग्नानंतर, मूल राहत नव्हतं म्हणून धुळ्याला दाखवायला गेले तेव्हा. तिथल्या मॅडमनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, आणि मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "चेहऱ्यावरचे केस काढता ना?" असं त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. कोणत्याही डॉक्टरनं मला तो प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. मी मान हलवली आणि मला रडू आलं. त्यांनी कागदावर शरीराच्या नऊ जागा लिहिल्या, ओठावरचा भाग, हनुवटी, छाती, पोट, पाठ अशा, आणि प्रत्येकीला शून्य ते चार असे गुण दिले. 1961 साली फेरीमन आणि गॉलवे या दोघांनी सुरू केलेली ही मोजणी पुढे थोडी सुधारून आजही जगभर वापरतात, असं त्यांनी सांगितलं. आयुष्यभर पेपर तपासणाऱ्या मला त्या कागदानं विलक्षण धीर आला. आपलं दुखणं मोजायची पट्टी आपण जन्मायच्या आधीच कोणीतरी करून ठेवली होती. म्हणजे आपण एकट्या नाही.

माझ्या आजाराचं नाव पीसीओएस, बीजांडकोशांचा आणि संप्रेरकांचा बिघाड. हे नाव आता खेड्यापाड्यातही पोचलंय, पण केसांशी त्याचा धागा कसा जुळतो हे फारसं कोणी समजावत नाही, म्हणून मला समजलं तसं सांगते. बाईच्या शरीरात पुरुषी संप्रेरकं थोडी असतातच. या आजारात बीजांडकोश ती जास्त तयार करतात. बऱ्याच जणींमध्ये इन्सुलिनचं काम नीट होत नाही, म्हणून शरीर इन्सुलिन वाढवतं, आणि ते वाढलेलं इन्सुलिन बीजांडकोशांना आणखी डिवचतं. मानेच्या मागे काळपट मखमली पट्टा येतो तो याचाच. लोक त्याला मळ समजून पोरींना घासायला लावतात, तेव्हा माझा जीव तुटतो. तर ही संप्रेरकं रक्तातून हनुवटीवरच्या मुळाशी पोचली की तिथली मऊ, बिनरंगी लव राठ आणि काळी होऊ लागते. एकदा राठ झालेलं मूळ नुसत्या गोळ्यांनी सहजासहजी पुन्हा लव होत नाही. गोळ्या नवीन मुळांना बिघडू देत नाहीत, जुन्यांचा जोर कमी करतात, आणि तेही दिसायला सहा महिने लागतात. जे आधीच उगवून बसलंय त्याला वेगळा उपाय लागतो. जगात दर दहा बायकांमागे साधारण एकीला हा आजार असतो. आमच्या शाळेच्या दर पालक सभेला समोर शंभर आया बसतात, तेव्हा माझ्या मनात तो आकडा येतोच.

वेगळा उपाय म्हणजे उजेड. लेझरचा.

पण त्याच्याआधी मी भाजून घेतलं. जाहिरात होती एका पार्लरची: सहा बैठकांत केस कायमचे बंद. मी पैसे साठवले आणि मे महिन्याच्या सुट्टीत गेले, कारण शिक्षकाला मोठी सुट्टी मिळते ती मेमध्येच. आमच्याकडचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि मी दुपारच्या एसटीनं तोंडावर ऊन घेत गेलेली. तिथल्या मुलीनं ना आजार विचारला, ना गोळ्या विचारल्या, ना आधी छोट्या जागेवर चाचणी घेतली. मशीन आयपीएलचं होतं, म्हणजे लेझर नव्हे, प्रखर उजेडाचे झोत सोडणारं. जबड्यावर तिसरा झोत पडला आणि चुलीतला निखारा टेकवावा तसं झालं. मी कळवळले तर म्हणाली, "थोडं तर सहन करावं लागतं ना ताई." संध्याकाळी फोड आले, आणि फोड गेल्यावर नाण्याएवढे तीन काळे डाग राहिले. ते फिके व्हायला वर्ष गेलं. केस तसेच, वर डाग. पैसे परत मागायला मी गेले नाही. गेले असते तर काय झालं ते मोठ्यानं सांगावं लागलं असतं.

काय चुकलं ते मला दोन वर्षांनी जळगावात कळलं, एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे. त्यांनी कागदावर केस काढला, कातडी काढली, आणि वरून बाण. या उपचारामागचं तत्त्व 1983 साली अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं. उजेड काळ्या रंगाला शोधतो. केसातलं मेलॅनिन तो शोषून घेतं, क्षणाच्या हजाराव्या हिश्शांत तापतं, आणि ती उष्णता केसाच्या मुळाला निकामी करते. मात्र तेच मेलॅनिन आपल्या कातडीतही आहे. गोऱ्यापान कातडीवर काळा केस असला तर उजेडाला फक्त केस दिसतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर त्याला दोन्ही दिसतात, आणि उन्हानं रापलेली असली तर आधी कातडीच दिसते. मे महिन्यात, उन्हातून थेट जाऊन, निरनिराळ्या लांबीच्या लहरी एकदम सोडणाऱ्या आयपीएलच्या झोताखाली मी बसले होते. भाजलं नसतं तरच नवल.

लेझरमध्ये एकाच लांबीची लहर असते. गोऱ्या कातडीला चालणारं 755 नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट, मधलं 810 च्या आसपासचं डायोड, आणि 1064 चं एनडी-याग. हे शेवटचं खोल जातं आणि वरच्या कातडीतल्या रंगाकडे कमी ओढलं जातं, म्हणून सावळ्या कातडीसाठी सगळ्यात सुरक्षित मानतात. माझ्यासाठी तेच निवडलं. मॅडमनी दोन अटी घातल्या. पहिली, पाळीच्या आणि संप्रेरकांच्या गोळ्या सुरूच ठेवायच्या, नाहीतर आपण इकडे निंदणी करायची आणि तिकडे तण उगवत राहायचं. दुसरी, बैठका दिवाळीनंतर सुरू करायच्या आणि ऊन चढायच्या आत जास्तीत जास्त उरकायच्या. रब्बीच्या पेरणीसारखा हंगाम सांभाळायचा. खानदेशात राहणाऱ्या बाईनं हे मनावर कोरून ठेवावं.

आणखी एक त्यांनी आधीच सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "कायमचे जातील असं मी म्हणणार नाही. कमी होतील, बारीक होतील. तुमचा आजार आहे तोवर नवीन येत राहणार, वर्षातून एकदोनदा पुन्हा यावं लागेल." औषधांना आणि उपकरणांना परवानगी देणारी अमेरिकेतली सरकारी संस्था एफडीएसुद्धा लेझरसाठी 'कायमची घट' असंच म्हणू देते, 'कायमचं निर्मूलन' म्हणू देत नाही. काही जणींमध्ये, विशेषतः संप्रेरकांचा त्रास असलेल्या सावळ्या बायकांमध्ये, गालाच्या कडेची मऊ लव उलट वाढते, तेही त्यांनी सांगितलं. म्हणून लव असलेल्या जागी त्यांनी मशीन फिरवलंच नाही, फक्त राठ केस होते तिथं. खोटं आश्वासन ऐकून तीन डाग घेऊन आलेल्या बाईला हे खरं ऐकणं फार आधाराचं वाटलं.

तयारीतली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे उपटणं थांबवणं. उजेडाला धरायला मुळात केस असावा लागतो. तो चिमट्यानं किंवा धाग्यानं ओढून काढला तर मशीन रिकाम्या बिळावर झोत टाकणार. म्हणून रेझर. आपण काय हे पुरुषासारखं, या विचारानं पहिल्या दिवशी माझा हात थरथरला. आणि कापल्यानं केस जाड होतात ही भीती तर लहानपणापासून बोकांडी बसलेली. ती खरी नाही. 1928 मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या संशोधक बाईंनी मोजून दाखवलं होतं की कापल्यानं केसाची जाडीही बदलत नाही आणि वाढायचा वेगही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून बोटाला राठ लागतं, इतकंच.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, मी अमळनेरहून भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसले. धरणगाव, पाळधी, जळगाव. दवाखान्यात डोळ्यांवर जाड काळा चष्मा चढवला, हनुवटीवर थंड जेल लावलं. काही दिसत नव्हतं, फक्त मशीनचा आवाज. मग पहिली टिचकी. रबरबँड ताणून कातडीवर सोडावा तशी, आणि मागोमाग गारवा. पुन्हा टिचकी. हनुवटीच्या मधोमध जिथं केस सगळ्यात दाट तिथं डोळ्यांतून पाणी आलं. खोलीत जळलेल्या केसाचा वास पसरला, कणसं भाजताना त्याची शेंडी पेटते तसा. मॅडम प्रत्येक झोताआधी "आता हं" म्हणायच्या. त्या दोन शब्दांनी अर्धी वेदना कमी व्हायची. दहा-बारा मिनिटांत झालं. आरशात पाहिलं तर प्रत्येक मुळाभोवती लालसर बारीक उंचवटा. तो आलेला चांगला, म्हणाल्या. वरून सनस्क्रीन, त्यावर स्कार्फ, आणि परतीची गाडी.

आठवडा-दहा दिवसांनी तोंड धुताना काळे कण हाताला आले. ते केस मुळातून सुटून बाहेर पडत होते. पण महिन्याभरात दुसरे उगवले, आणि मी घाबरले. तेही ठरल्याप्रमाणेच होतं. सगळी मुळं एकाच वेळी वाढत नसतात. काही वाढीत, काही विश्रांतीत. उजेडाचा परिणाम वाढीतल्यांवरच होतो. म्हणून चेहऱ्याला दर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. माझ्या दोन हिवाळ्यांत मिळून नऊ बैठका झाल्या. पगारातून आधी लेकाची फी आणि किराणा बाजूला काढून मग त्या शनिवारचे पैसे. सासूबाईंनी एकदा विचारलं, एवढं काय जळगावला? मी पहिल्यांदा खरं सांगितलं. त्या गप्प राहिल्या, आणि पुढच्या शनिवारी माझा डबा भरून ठेवलेला होता.

2005 साली ब्रिटनमध्ये पीसीओएस असलेल्या 88 बायकांवर झालेला एक अभ्यास मॅडमनी मला दाखवला होता. ज्यांना पूर्ण ताकदीचं लेझर दिलं, त्या आधी आठवड्याला सरासरी 112 मिनिटं चेहऱ्यावरचे केस काढण्यात घालवत. सहा महिन्यांनी तो वेळ 21 मिनिटांवर आला. त्यांच्या मनाची उदासीसुद्धा घटली, तीही मोजलेली. घरी येताना धरणगाव गेलं तेव्हा मी माझा हिशेब करत होते. रोज पंचवीस मिनिटं. आठवड्याला जवळजवळ तीन तास. पंधरा वर्षं. मी गणित शिकवते, गुणाकार मला अवघड नाही, पण तो गुणाकार मी पूर्ण केला नाही.

या उपचाराला नटणं-मुरडणं म्हणतात तेव्हा मला मनापासून राग येतो. आजारानं चेहऱ्यावर आणून ठेवलेल्या गोष्टीवरचा तो इलाज आहे. पीसीओएसच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतसुद्धा त्याला उपचार म्हणूनच जागा आहे. आणि ज्या बाईला केस ठेवायचे असतील तिनं खुशाल ठेवावेत. तिच्याकडे बघून हसणाऱ्यांनी गप्प बसावं, कारण इलाज त्यांच्या हसण्यासाठी करायचा नसतो.

आमच्या वर्गात नववीत एक मुलगी आहे. उन्हाळा असो की पावसाळा, ओढणी खालच्या ओठापर्यंत. वाचायला उभी केली की पुस्तक तोंडासमोर. मागच्या महिन्यात तिच्या आईला बोलावलं. त्या शेतावरून तशाच आलेल्या, हाताला केळीचे डाग. "काय चुकलं का पोरीचं?" म्हणाल्या. मी म्हटलं, काहीच नाही, तिच्या पाळीची चौकशी करायचीय. मग सांगितलं: आधी तपासणी करा. पाळी, साखर, थायरॉइड, संप्रेरकं. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही आहे, तिथं बाह्यरुग्ण विभागात स्त्रीरोग आणि त्वचारोगाचे डॉक्टर बघतात. केस अचानक, थोड्याच महिन्यांत भसाभस वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल, तर एक दिवसही थांबू नका, ते वेगळं काही असू शकतं. बाजारातलं घरगुती मशीन ऑनलाइन मागवू नका, तिच्या सावळ्या रंगाला ते भाजू शकतं. आणि तोवर रेझर वापरायला देऊन ठेवा, तिला सांगा की त्यानं काही होत नाही. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, तुमचेबी होते का?" मी हो म्हटलं. जबड्यावरचा डाग अजून पुसट दिसतो, तो त्यांना उजेडाकडे तोंड करून दाखवला.

आई आता सत्तरीला आली. मागच्या कानबाईला मी माहेरी गेले होते. सोमवारी सकाळी विसर्जनाची वाजंत्री लांबून ऐकू येत होती, घरातल्या पोरी बोरी नदीच्या काठाला गेलेल्या. आई ओट्यावर उन्हात बसली होती. मी शेजारी टेकले तशी तिनं पदराच्या गाठीतून चिमटा काढून माझ्या हातात दिला. "मले आते दिखत नही," म्हणाली, आणि हनुवटी वर केली.

तिच्या हनुवटीवर पाच-सहा केस होते, लांब आणि पांढरेशुभ्र. पाळी गेल्यावर बऱ्याच बायकांना येतात. हे केस लेझरला कधीच दिसणार नाहीत, त्यात रंगच उरलेला नाही. त्यांना चिमटाच. मी तिची मऊ पडलेली कातडी दोन बोटांनी ताणली.

"तुन्ही उमरनी व्हतू तधयपासून येतस," ती डोळे मिटून म्हणाली. "मी बी राख लाईसन उपटेल शे. चूलजोडे, पहाटले."

माझा हात थांबला. इतक्या वर्षांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. ती तशीच बसून होती, सगळं ऊन तोंडावर घेऊन.

"राही गया का एखादा?" तिनं विचारलं.

"एक आहे," मी म्हटलं. "हलू नको."